नळ्या जोडून राहिलेले दिवस, तिसरं सिझर आणि आखाजीचा मुहूर्त

प्रश्न: मी ३३ वर्षांची, चोपडा तालुक्यातली. पहिलं बाळंतपण २०१३ ला झालं, बाळ पायाळू होतं म्हणून सिझर. दुसरं २०१६ ला, तेही सिझर, आणि त्याच वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. २०२२ मध्ये मोठा मुलगा अपघातात गेला. २०२४ मध्ये नळ्या परत जोडून घेतल्या. आता दिवस राहिलेत, ३१ आठवडे पूर्ण झाले. डॉक्टर म्हणतात, तारीख ठरवून सिझरच करायचं. शेजारच्या काकू म्हणतात, नळ्या जोडलेल्या आहेत म्हणून, कळा आल्या तर टाके तुटतील. हे खरं का? नॉर्मल होणारच नाही का? सासूबाईंना बाळ आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, यायला हवंय, त्या दिवशी आम्ही मोठ्याच्या नावाची घागर भरतो. शिवाय डॉक्टर विचारतात, या वेळी नळ्या परत बांधायच्या का? मला काहीच सुचत नाही.

उत्तर:

ताई, काकूंचं आधी मिटवून टाकू. तुमचं सिझर नळ्यांमुळे होत नाहीये. ते होतंय २०१३ आणि २०१६ च्या टाक्यांमुळे, म्हणजे गर्भपिशवीवर दोनदा घेतलेल्या छेदामुळे. हा फरक कळला की तुमचे बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून थोडं खोलात सांगते.

गर्भनळी पिशवीच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून निघते. बीज आणि शुक्राणू नळीत भेटतात, तयार झालेला गर्भ चार-पाच दिवसांत नळीतून पिशवीत उतरतो आणि तिथे रुजतो. नळीचं काम तिथे संपलं. पुढचे नऊ महिने बाळ पिशवीत वाढतं, पिशवीच्या तोंडातून बाहेर येतं, नळीशी त्याचा काही संबंध नाही. पिशवी वाढते तशा नळ्या तिच्याबरोबर वर सरकतात, फुगतात, त्यांचा रक्तपुरवठा वाढतो. जोड ताणून सुटत नाही. नळी जोडताना जो धागा वापरतात तो केसाहून बारीक असतो, आणि काही आठवड्यांत तिथलं मांस एकजीव होतं. धाग्याच्या भरवशावर काहीच उरत नाही. तुमचं जोडणं होऊन तर वर्ष उलटून गेलंय.

याला एक अपवाद आहे. नळी पिशवीच्या अगदी कोपऱ्यापाशी बंद झालेली असेल, तर क्वचित पिशवीच्या भिंतीलाच भोक पाडून नळीचं टोक आत बसवतात. तिथे पिशवीचा स्नायू कापला जातो. अशा बाईला कळा येऊ देत नाहीत, ठरवून सिझर करतात, आणि ते बरोबर आहे. म्हणून २०२४ च्या ऑपरेशनचा कागद काढा. त्यावर जोड नळीच्या कोणत्या भागात केला ते लिहिलेलं असतं. बहुतेकींचा जोड नळीच्या मधल्या अरुंद भागात असतो, कारण दुर्बिणीतून बसवलेली रिंग असो की टाक्याचं ऑपरेशन, बांधलेलंही तिथेच असतं.

आता टाक्यांचं. एक सिझर झालेल्या बाईने नॉर्मलचा प्रयत्न केला तर शंभरातल्या साठ ते ऐंशी जणी नॉर्मल होतात, आणि जुना टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. दोन सिझर झालेल्या बाईला तो धोका आणखी वाढतो. आकडा तरीही लहान वाटेल, पण टाका उसवला की हातात घटका नसते, मिनिटं असतात. त्याच इमारतीत भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्त आणि उघडं ओटी (ऑपरेशन थिएटर) चोवीस तास हवं. तुमच्या गावातून तापी ओलांडून जळगावला यायलाच तास-दीड तास जातो. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. तिसऱ्या वेळी ठरवून सिझर, यात मला शंका नाही.

पण हे वाचणाऱ्या इतर ताईंसाठी सांगते, प्रत्येकीला असं नसतं. काही वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातली एक बाई आली होती. आधीची दोन्ही बाळंतपणं घरासारखी सोपी, नॉर्मल. नंतर कुटुंबनियोजन, मग नळ्या जोडल्या, दिवस राहिले. दोन ठिकाणी तिला सांगितलं होतं, ‘इतक्या मुश्किलीने राहिलंय, प्रेशस बेबी आहे, सिझर करून टाकू.’ तिची सासू माझ्यासमोर बसून विचारत होती, ‘डॉक्टरीन बाई, पोट फाडनं पडी का?’ मी म्हटलं, कशासाठी? पिशवीला कोणी सुरी लावलेली नाही, बाळ डोक्याकडून आहे, वार (नाळ जिला जोडलेली असते ती) पिशवीत वरच्या बाजूला आहे. ती बाई सहा तासांत नॉर्मल मोकळी झाली. प्रत्येक बाळ मौल्यवानच असतं. मौल्यवान आहे हे सिझरचं कारण होऊ शकत नाही. सिझरला वैद्यकीय कारण लागतं.

एका ठिकाणी मात्र नळ्या जोडण्याचा तुमच्या सिझरशी संबंध येतो, आणि तो कोणी सांगत नाही. तुमचं पोट आतापर्यंत दोनदा नाही, तीनदा उघडलंय: २०१३, २०१६ आणि २०२४. आताची चौथी वेळ. (२०२४ चं दुर्बिणीने झालं असेल तर थोडं कमी.) प्रत्येक वेळी आतले पडदे एकमेकांना चिकटतात. कधी लघवीची पिशवी गर्भपिशवीवर वर ओढली जाऊन बसते, कधी आतड्याचा पडदा पोटाच्या भिंतीला चिकटलेला असतो. पहिल्या सिझरला त्वचेवर चीर दिल्यापासून बाळ हातात येईपर्यंत पाच-सात मिनिटं पुरतात. चौथ्यांदा उघडताना मी घाई करत नाही, एकेक पडदा सोडवत जाते, वीस मिनिटंही लागतात. म्हणून असं ऑपरेशन दिवसाउजेडी, सगळी माणसं हजर असताना, रक्त तयार ठेवून केलेलं बरं. ठरवून करण्याचा खरा फायदा हा आहे. रात्री दोनला कळा देत आलेल्या बाईचं हेच पोट उघडणं म्हणजे वेगळीच परीक्षा असते.

पुढच्या तीन आठवड्यांत तुम्ही करायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते: ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी करा आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, ‘वार कुठे आहे?’ बाळाचं वजन, पाणी वगैरे ते सांगतीलच. तुमच्या बाबतीत वार महत्त्वाची. ती पिशवीच्या वरच्या भागात किंवा मागे असेल तर निश्चिंत राहा. ती खाली उतरून पिशवीच्या तोंडावर आली असेल आणि जुन्या टाक्यांवर बसली असेल, तर ती टाक्याच्या मांसात मुळं धरून रुतलेली असू शकते. खाली आलेली वार आणि आधीची दोन सिझर असं जमून आलं तर शंभरातल्या चाळीस जणींत ती रुतलेली सापडते. अशी वार सोडवायला गेलं की रक्त थांबत नाही, पिशवी काढावी लागू शकते. ते ऑपरेशन तालुक्याला करायचं नसतं. रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि मूत्रशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणी, जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या जागी करायचं, आणि एरवी ठरवून केलेल्या सिझरसाठी थांबतात तशी ३९ आठवड्यांची वाटही पाहायची नसते. वार खाली असण्याची शक्यता मुळात थोडीच आहे, घाबरवायला लिहीत नाही. पण ही गोष्ट आधी कळलेली असणं आणि टेबलावर कळणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

२०१३ आणि २०१६ ची डिस्चार्ज कार्डंही शोधा. पिशवीवरची चीर खालच्या भागात आडवी होती का, एवढंच पाहायचं. पायाळू बाळाच्या सिझरला, विशेषतः दिवस कमी असतील तर, कधीकधी उभी चीर वर न्यावी लागते. तशी असेल तर तारीख अलीकडे, ३६-३७ आठवड्यांवर आणतात. पोटावरची चीर आडवी आहे म्हणून आतली आडवीच असेल असं धरून चालू नका. कार्ड हरवलं असेल तर त्या दवाखान्याच्या रजिस्टरमधून नोंद मागून घ्या, मागितली की मिळते.

आता सासूबाई.

तुम्ही लिहिलंय तसं ३१ आठवडे धरले, तर आखाजीला तुम्हाला ३७ आठवडे आणि २ दिवस भरतात. ३९ आठवडे पूर्ण होतात त्यानंतर बारा दिवसांनी. या बारा दिवसांवरून खान्देशात मी जेवढे वाद घातलेत तेवढे पैशांवरूनही घातले नसतील. आखाजी, गुढीपाडवा, दसरा, गुरुपुष्यामृत, कधी नुसता ‘अकरा वाजून वीस मिनिटं’. भटजींनी चिठ्ठीवर लिहून दिलेली वेळ नवरा शर्टाच्या खिशातून काढतो आणि माझ्या टेबलावर ठेवतो.

मी एकदा मान डोलावली होती. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती, कुटुंब ओळखीचं, बाई दुसरेपणाची, ३७ आठवडे पूर्ण. ‘नववा तर लागला आहेच’ असं मीच म्हटलं. बाळ रडलं, गुलाबी झालं, पेढे वाटले गेले. तासाभराने सिस्टरने बोलावलं. बाळाची छाती भात्यासारखी चालली होती, मिनिटाला ऐंशीच्या वर श्वास, नाकपुड्या फुगत होत्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. बालरोगतज्ज्ञांनी ऑक्सिजन लावून तीन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. बाळ सुखरूप घरी गेलं. पण ते तीन दिवस त्या आईने दूध पिळून वाटीत पाठवलं आणि काचेतून बाळ पाहिलं, तेही केवळ एका मुहूर्तासाठी. मुहूर्त त्यांनी मागितला होता, होकार माझा होता. त्यानंतर मी मुहूर्ताला नाही म्हणायला शिकले.

कारण असं. पोटात बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, पाणी भरलेलं असतं. शेवटच्या आठवड्यांत, आणि त्याहून जास्त कळा सुरू झाल्यावर, शरीरात असे बदल होतात की फुप्फुसं ते पाणी शोषून घ्यायला लागतात. ठरवून केलेल्या सिझरला कळा नसतात, म्हणजे बाळाला ही सूचनाच मिळत नाही. म्हणून निदान दिवस तरी पुरते भरू द्यायचे. २००९ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी सिझर झालेल्या आणि परत ठरवून सिझर केलेल्या तेरा हजारांहून जास्त बाळंतपणांचा, अगदी तुमच्यासारख्या बायकांचा. श्वासाचा त्रास, साखर उतरणं, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागात जावं लागणं, यातलं काही ना काही ३७ व्या आठवड्यात शंभरातल्या १५ बाळांना झालं, ३८ व्या आठवड्यात ११ जणांना आणि ३९ व्या आठवड्यात ८ जणांना. १५ आणि ८. सासूबाईंना एवढे दोनच आकडे सांगा.

आणि हेही सांगा, की त्यांच्या पिढीचा हिशोब आमच्या हिशोबाशी तंतोतंत जुळतो. ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात ना? पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस मोजले की आमचे २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे भरतात. दोन दिवसांचा काय तो फरक. आज्ज्यांनी सोनोग्राफीशिवाय बरोबर मोजलं होतं. आता त्याच आजीने तीन आठवडे कापून मागायचे, हे तिच्याच म्हणीविरुद्ध जातं.

घागरीचं मला समजतं. आखाजीला गेलेल्याची घागर भरायची आणि त्याच दिवशी घरात बाळ यावं, यात सासूबाईंचं दुःख आहे, हट्ट नाही. त्यांच्याशी भांडू नका. फक्त एक बोलून ठेवा, आत्ताच, बाळ यायच्या आधी: ‘तोच परत आला’ असं म्हणत या बाळाला वाढवायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलाची जागा भरायचं काम तीन किलोच्या जिवावर टाकू नये. मुलगी झाली तर काय, हा प्रश्न तर कोणी मनातही आणू नये, आणि सोनोग्राफीच्या खोलीत तर अजिबातच विचारू नये. सांगणाऱ्यालाही तुरुंग आहे आणि विचारणाऱ्यालाही.

ठरलेल्या तारखेआधी कळा सुरू झाल्या तर? काही जणींना होतात. पोट राहून राहून कडक होणं, पाणी जाणं, रक्त दिसणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, आणि जुन्या टाक्याच्या जागी दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, यातलं एक जरी झालं तरी सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. गाडी कोणाची, चालवणार कोण, हे ३५ व्या आठवड्यातच ठरवून ठेवा, नाहीतर १०८ लावा. निघताना काही खाऊ नका. आणि नेमक्या आखाजीलाच कळा आल्या तर सासूबाई जिंकल्या, आम्ही त्याच दिवशी सिझर करू. तो मुहूर्त बाळाने काढलेला असेल.

रक्ताचं पाहा. ३१ आठवडे म्हणजे अजून हातात वेळ आहे. हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. आपल्याकडे जेवण झालं की चहा, आणि चहाबरोबरच लोहाची गोळी, हे घरोघर चालतं. त्या गोळीचा उपयोग निम्माही राहत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. गोळ्यांनी भागत नसेल तर सलाईनमधून लोह देतात, पण ते आत्ता द्यायचं, आदल्या आठवड्यात देऊन फायदा नाही. तुम्ही किंवा घरातलं कोणी पावरा, भिल्ल समाजातलं असेल आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर ती आजच करा. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार घराघरांत आहे, आणि भूल देणाऱ्याला तो आधी माहीत असावा लागतो. दोन पिशव्या रक्त जुळवून ठेवा. नातेवाइकांनी रक्तदान आधी करायचं, ओटीच्या दारात नाही. खर्चाची चिंता असेल तर, सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. मागायला लाजू नका.

त्या दिवशी काय होतं, तेही सांगते. तुम्ही दोनदा यातून गेलाय, पण त्यातलं एक तरी घाईचं असणार, आणि घाईतलं काही आठवत नाही. आदल्या रात्री हलकं जेवण. ऑपरेशनच्या आधी सहा तास अन्न बंद, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. उन्हाळ्यात कोरड्या घशाने रात्रभर पडून राहायची गरज नाही. बाहेर ४४ डिग्री आणि ओटीत एसी, त्यामुळे तिथे गेल्या गेल्या दातांवर दात आपटतात. ते भीतीने होतंय असं समजू नका. भूलतज्ज्ञ बसवतील, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, पाठ मांजरासारखी बाहेर. एवढं पोट घेऊन हे जमत नाही असं प्रत्येकीला वाटतं, सिस्टर खांद्याला धरते आणि जमतं. कमरेत सुई, पाय गरम होतात, मग जड, मग आपले नसल्यासारखे. पाच-दहा मिनिटांत रक्तदाब थोडा उतरतो, मळमळतं, तेव्हा लगेच सांगायचं, औषध हाताशीच असतं.

चीर कळत नाही. ओढाताण मात्र कळते. जाड गोधडीखाली कोणी हात घालून काहीतरी शोधतंय असं. बाळ काढताना बरगड्यांखाली जोरात दाबतात, दोन क्षण श्वास अडकतो. नंतर रडणं. नाळ आम्ही लगेच कापत नाही, बाळ ठीक असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबतो, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं. मग बाळ तुमच्या गालाला लावायचं. कोणी विसरलं तर तुम्ही मागा. पहिल्या तासात छातीला.

वार काढून, पिशवी शिवून झाली की मी नळ्या पाहते. तुमच्यासारख्या बाईच्या नळ्या पाहताना माझे हात थोडे हळू होतात. बोटभर लांबीची, जांभळट, फुगलेली नळी, आणि मध्ये एका ठिकाणी किंचित आवळल्यासारखी खूण. तिथे कोणा सर्जनने भिंगाखाली तासन् तास बसून सुईच्या टोकाएवढी वाट वाटेला जुळवलेली असते. आणि आता मला विचारायचं असतं की ती परत बंद करू का.

तर तुमचा शेवटचा प्रश्न. डॉक्टर का विचारतात ते आधी. पुढचं सिझर चौथं असेल, पोट उघडण्याची पाचवी वेळ. वार रुतण्याचा, लघवीच्या पिशवीला इजा होण्याचा धोका प्रत्येक वेळी वर जातो. त्यामुळे यापुढे दिवस राहू नयेत हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच आहे. पण ‘दिवस राहू नयेत’ आणि ‘नळ्या बांधा’ ही एकच गोष्ट नाही. तुम्ही एकदा कायमचं ऑपरेशन केलं आणि मग मूल गमावलं. तुमची सही करताना अडखळणारी बोटं मी समजू शकते.

पर्याय असे. नळ्या परत बांधणं, किंवा दोन्ही नळ्या काढूनच टाकणं. काढल्याने पुढे अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पण मग परत जोडायला काही उरत नाही, कधी वाटलंच तर फक्त टेस्ट ट्यूबचा मार्ग. दुसरं, पिशवी शिवण्याआधी त्याच छेदातून तांबी बसवणं. ती दहा वर्षं चालते, तुम्ही ३३ च्या, म्हणजे ४३ पर्यंतची काळजी मिटली, आणि मन बदललं तर पाच मिनिटांत निघते. तिसरं, नवऱ्याची नसबंदी. बिनटाक्याची, अर्ध्या तासात घरी. फक्त नंतर तीन महिने काळजी घेऊन वीर्य तपासून घ्यायचं. या तिसऱ्या पर्यायाचं नाव काढलं की खोलीत शांतता पसरते. तुमच्या पोटावर चौथ्यांदा सुरी चालणार असताना त्यांनी निदान विचार तरी करावा, असं माझं मत आहे, आणि मी ते तोंडावर सांगते.

मला विचाराल तर तुमच्यासाठी तांबी. नळ्यांचा कायमचा निर्णय बाळ वर्ष-दीड वर्षाचं झाल्यावर, डोकं शांत असताना घ्या. पण तुम्ही ठाम असाल की आता बस, तर नळ्या बांधणंही चूक नाही, पोट उघडलेलंच आहे, वेगळं ऑपरेशन वाचतं. फक्त हे ओपीडीत बसून ठरवा आणि तिथेच सही करा. टेबलावर, पाय बधिर, डोळ्यांत पाणी, अशा वेळी घेतलेली सही मी सही मानत नाही. आणि सही तुमची लागते. नियमाने नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच.

नंतरचं थोडक्यात. त्याच संध्याकाळी कुशीवर वळायचं, पायांचे पंजे हलवत राहायचे. लघवीची नळी निघाली की उठून चालायचं. दुखेल, तरी चालायचं, कारण पाय न हलवल्याने रक्ताची गुठळी होणं टाक्याच्या दुखण्यापेक्षा वाईट. चिकटलेले पडदे सोडवावे लागले असतील तर लघवीची नळी एखाद-दोन दिवस जास्त ठेवतील, त्यात घाबरण्यासारखं नाही.

घरी गेल्यावर तुमच्याशी खरा सामना पाण्यावरून होईल. ‘पाणी प्यायलीस तर टाके पिकतील’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. टाके पाण्याने पिकत नाहीत, घामाने आणि ओलसर राहिल्याने पिकतात. वैशाखात, दूध पाजणाऱ्या बाईने तीन लिटर तरी प्यावं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक घ्यायचा नाही. त्या धुराने आई आणि बाळ दोघं गुदमरल्याची उदाहरणं आहेत, आणि मे महिन्यात शेकायची गरजच काय? डिंकाचे, मेथीचे लाडू तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, पोट साफ झाल्यावर, खुशाल. कळण्याची भाकर, वरण, भाजी पहिल्यापासून. शेवभाजीची तर्री मात्र थोडे दिवस नवऱ्याच्या ताटात राहू द्या.

ज्या ताई नळ्या जोडून घेऊन दिवस राहण्याची वाट पाहतायत त्यांच्यासाठी एक ओळ: पाळी चुकली की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झालीच पाहिजे, कारण जोडलेल्या नळीतच गर्भ अडकण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. एका बाजूला दुखणं, डाग, चक्कर असेल तर सहा आठवड्यांचीही वाट पाहू नका. ताई, तुम्ही तो टप्पा कधीच मागे टाकलाय.

तेव्हा आता तीन कामं: दोन सिझरची कार्डं आणि नळ्यांचा कागद एका पिशवीत, वारेची सोनोग्राफी, आणि हिमोग्लोबिन. आखाजीला माहेरी जायचं असेल तर दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत असलं पाहिजे, नाहीतर आईलाच बोलावून घ्या. घागर घरी भरा. झोक्यावर बसलात तरी चालेल, झोका दुसऱ्याला देऊ द्या. आणि बारा दिवसांनी, उपाशीपोटी, सकाळी सातला, ती कागदांची पिशवी घेऊन दवाखान्यात जा.